वृद्धांचीं घरें आणि त्यांची डागडुजी: साहाय्याच्या इतिहासाचें एक प्रकरण

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या मंदिराचा इतिहास अग्रभागीं यावा हें योग्यच आहे. पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, मनोरा केव्हां उभा राहिला, गळकें छप्पर कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत शाकारलें, ह्या सर्वांची नोंद वह्यांत सांपडते. कारण मंदिर सर्वांचें, म्हणून त्याची डागडुजीही सर्वांची, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों आहों. परंतु ज्या माणसांनीं त्या डागडुजीसाठीं पैपैसा दिला व विटा वाहिल्या तीं आज सत्तरी-ऐशींच्या घरांत आहेत; आणि त्यांच्या स्वतःच्या घराचा उंबरठा, जिना, न्हाणी व छप्पर ह्यांची नोंद मात्र कोणत्याच वहींत नाहीं.

वार्धक्यांत घर तेंच राहतें, माणूस मात्र बदलतो. ज्या पायऱ्या तो एके काळीं धांवत चढला त्या आतां मोजून चढाव्या लागतात. न्हाणीची गुळगुळीत फरशी, रात्रीं परसांतील शौचकुपाकडे जाणारी अंधारी वाट, नीट न दिसणारा उंबरठा, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी त्याच्या जिवावर बेततात. पडल्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें मरण पावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे. आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा आहे. जो वांचतो तोही पुष्कळदां अंथरुणास खिळतो, आणि मग ज्या घरांत सारा जन्म काढला तें घर त्याला सोडावें लागतें.

हें टाळण्यासाठीं भिंतीला एक भक्कम कठडा, न्हाणींत एक बैठक, दारापाशीं एक दिवा, एवढेंही कित्येकदां पुरतें. परंतु तेवढें काम करून देणारा कोण, त्याचा खर्च कोणीं सोसावा, आणि कोणाकडे मागावें, हा प्रश्न प्रत्येक युगांत उभा राहिला आहे. त्याचीं उत्तरें निरनिराळ्या देशांनीं कशीं दिलीं तें ह्या निबंधांत थोडक्यांत पाहूं. तीं पाहतांना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते, ती आरंभींच सांगून ठेवितों: साहाय्य असणें निराळें आणि तें गरजवंताच्या दारापर्यंत पोंचणें निराळें. ज्या ज्या ठिकाणीं तें पोंचलें त्या त्या ठिकाणीं मध्यें कोणीतरी चालत गेलेला माणूस होता.

कठड्याचा कायदा

घर राहणाऱ्यास सुरक्षित असावें हा विचार फार प्राचीन आहे. जुन्या करारांतील अनुवाद नामक ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास अशी आज्ञा आहे, कीं त्यानें आपल्या धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळें कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशांतील घरें सपाट धाब्याचीं असत. धाब्यावर धान्य वाळवीत, उन्हाळ्यांत तेथेंच निजत, पाहुण्यांनाही तेथेंच उतरवीत. म्हणून हा नियम केवळ शोभेचा नव्हता. त्यांतील मर्म असें, कीं माणूस पडला तर तें त्याचें नशीब, असें म्हणून मोकळें होण्यास ह्या कायद्यानें वाव ठेविला नाहीं. पडण्याचा धोका आधीं ओळखावा व कठडा आधींच बांधावा, हें घरधन्याचें कर्तव्य ठरविलें. आज घरोघर जें काम करावयाचें त्याचें बीज ह्या एका नियमांत आहे.

आउग्सबुर्ग येथील वसाहत

मध्ययुगांत युरोपांतील धर्मशाळा व रुग्णालयें यात्रेकरू, आजारी, अनाथ आणि म्हातारे अशा सर्वांना एकाच छपराखालीं घेत. तेथें जागा मिळे, पण स्वतःचें दार मिळत नसे. ह्या बाबतींत दक्षिण जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरानें एक निराळाच मार्ग दाखविला. तेथील याकोब फुगर हा त्या काळचा बलाढ्य सावकार. सम्राटही त्याचे ऋणको. त्याच्या व्यवहारांविषयीं इतिहासकारांचीं मतें कांहींही असोत, त्यानें १५२१ सालीं आपल्या शहरांतील गरजू कॅथलिक नागरिकांसाठीं एक वसाहत स्थापिली, ती पांचशे वर्षांनंतर आजही चालू आहे. तिला फुगेराय म्हणतात.

ह्या वसाहतींत लहान लहान दुमजली घरें ओळीनें उभीं आहेत. खालच्या बिऱ्हाडास मागें छोटी बाग व वरच्या बिऱ्हाडास माळा, अशी सोय असून प्रत्येक बिऱ्हाडास रस्त्याकडील स्वतंत्र दार आहे. वर्षाचें भाडें एक ऱ्हेनिश गुल्डन ठरलें होतें; तें कधींच वाढविलें नाहीं, आणि आजच्या चलनांत तें अवघें ०.८८ युरो भरतें. ह्याखेरीज रहिवाशानें संस्थापकाच्या कुटुंबासाठीं दररोज तीन प्रार्थना म्हणाव्या अशी अट आहे. १६८१ पासून १६९४ पर्यंत येथें फ्रांझ मोझार्ट नांवाचा एक गवंडी राहत असे. जगद्विख्यात संगीतकार मोझार्ट हा त्याचा पणतू. ज्यानें दुसऱ्यांचीं घरें बांधलीं त्याला अखेरीस अशा घराचा आश्रय घ्यावा लागला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें तेथील एक बारीकशी योजना फार बोलकी आहे. दारावरील घंटेच्या ओढण्या एकसारख्या नाहींत. कोणाची त्रिदळाच्या आकाराची, कोणाची देवदाराच्या फळासारखी, अशा त्या निरनिराळ्या घडविलेल्या आहेत. रस्त्यावर दिवे नसलेल्या काळांत रहिवाशाला काळोखांत हातानें चांचपून स्वतःचें दार ओळखतां यावें म्हणून असें केलें, असें सांगतात. नजर मंदावलेल्या माणसाला ह्याहून स्वस्त व सोपी मदत कोणती?

दुसरी शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे दुरुस्तीची तरतूद. फुगरनें घरें बांधून हात झटकले नाहींत. त्यानें निधि लावून दिला, आणि आज मुख्यतः जंगलांच्या उत्पन्नावर त्या निधींतून घरांची निगा राखिली जाते. १९४४ च्या फेब्रुवारींत बाँबवर्षावानें वसाहतीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, तरी ती पुनः पूर्वीच्याच घाटानें उभी राहिली. आज तेथें सुमारें १५० लोक राहतात. दान एकदां दिलें जातें, पण छप्पर दरसाल गळूं शकतें, हें ओळखून केलेल्या धर्मादायाचा हा उत्तम नमुना होय.

फ्रान्समधील दोन मार्ग

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत फ्रान्समध्यें वृद्ध व दरिद्री लोकांच्या सेवेचे दोन मार्ग थोड्या वर्षांच्या अंतरानें निघाले. एका मार्गांत म्हाताऱ्या माणसाला आपल्या घरीं आणिलें. दुसऱ्यांत आपण त्याच्या घरीं गेलें. दोहोंचें स्मरण ठेवणें अगत्याचें आहे.

पहिला मार्ग संत झान झ्युगां हिचा. ब्रिटनी प्रांतांतील सां-सेर्व्हां गांवीं राहणाऱ्या ह्या कष्टाळू स्त्रीनें १८३९ च्या हिंवाळ्यांत एका आंधळ्या व पांगळ्या वृद्धेला घरीं आणून स्वतःच्या बिछान्यावर निजविलें आणि आपण माळ्यावर निजूं लागली. त्या एका बिछान्यांतून 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ उदयास आला. १८८२ सालीं ह्या भगिनी कलकत्त्यास आल्या व तेव्हांपासून त्यांचें कार्य आपल्या देशांतही चालू आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं २००९ सालीं झान झ्युगां हिला संतपद दिलें. ज्याला घरच उरलें नाहीं त्याच्यासाठीं हा मार्ग अमृतासारखा आहे.

दुसरा मार्ग धन्य फ्रेडरिक ओझानाम ह्यांचा. २३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे वयाला वीस वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, ह्या विद्यार्थ्यानें आपल्या कांहीं सोबत्यांसह पॅरिस येथें एक मंडळी स्थापिली. संपादक एमान्युएल बाय्यी हे तिचे अध्यक्ष झाले. हीच पुढें संत व्हिन्सेंट डी पॉल सभा ह्या नांवानें जगभर पसरली. तरुणांजवळ उत्साह होता, पण गरीब कोठें राहतात व त्यांस काय हवें हें त्यांस ठाऊक नव्हतें. तें दाखविलें भगिनी रोझाली रांदू ह्यांनीं. पॅरिसमधील मुफ्तार नांवाच्या दरिद्री वस्तींत त्या कित्येक वर्षें सेवा करीत होत्या. गल्ली न् गल्ली, बिऱ्हाड न् बिऱ्हाड त्यांच्या परिचयाचें होतें. त्यांनीं ह्या विद्यार्थ्यांना कुटुंबांचे पत्ते दिले, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि दार कसें ठोठवावें तेंही शिकविलें. ओझानाम ह्यांना १९९७ सालीं व भगिनी रोझाली ह्यांना २००३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं धन्य म्हणून घोषित केलें.

ह्या सभेचा आधारस्तंभ म्हणजे गृहभेट. दोघांनीं मिळून जावें, नियमानें जावें आणि बसून बोलावें. वस्तूंचें वांटप एखाद्या चौकांतही करतां येतें. परंतु कुजलेला वांसा, हलणारी पायरी आणि चुलीजवळ सांठलेलें पाणी घरांत गेल्यावांचून दिसत नाहीं. म्हातारें माणूस तर स्वतःच्या अडचणी सांगतही नाहीं. 'सर्व ठीक आहे' असें तें म्हणतें. पण जो घरांत येऊन बसतो त्याला दिसतें कीं ती बाई पाणी आणावयास भिंत धरून जाते. साहाय्य दारापर्यंत नेणारा माणूस म्हणून आम्ही वर जें म्हटलें त्याचें हें पहिलें स्पष्ट उदाहरण होय.

भाडें घेणारी आणि दुरुस्ती पाहणारी

इंग्लंडांत हेंच तत्त्व व्यवहाराच्या अंगानें पुढें आलें. ऑक्टेव्हिया हिल (१८३८–१९१२) ह्या बाईनें १८६५ सालीं लंडनच्या मॅरिलबोन भागांतील तीन घरांचा कारभार हातीं घेतला; पैसा होता प्रसिद्ध लेखक जॉन रस्किन ह्यांचा. भाडें वसूल करण्यास ती स्वतः व तिच्या सहकारिणी दर आठवड्यास घरोघर जात. भाड्यांतून कांहीं रक्कम दुरुस्तीसाठीं बाजूस काढून ठेवीत. तींतून शिल्लक उरली तर ती कोणत्या सुधारणेस लावावी हें भाडेकऱ्यांनीं ठरवावें, असा रिवाज तिनें पाडिला. जी बाई भाडें मागावयास येते तीच फुटकी खिडकीही पाहते, आणि ती बदलण्याचा अधिकारही तिच्याच हातीं असतो, अशी ही व्यवस्था होती. ती केवळ वृद्धांसाठीं नव्हती. तथापि पाहणारा आणि करून देणारा ह्यांच्यांतील अंतर कमी केल्यास काम किती लवकर होतें हें तिनें दाखवून दिलें.

अमेरिकेंतील शोध

विसाव्या शतकांत हें कार्य सरकारांनीं अंगावर घेतलें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या ५०४ व्या कलमाखालीं खेड्यांतील अत्यंत गरीब घरमालकांस दुरुस्तीसाठीं सरकारी मदत मिळूं लागली. ह्या योजनेचें कर्ज शेंकडा १ व्याजानें, २० वर्षांच्या मुदतीनें मिळतें. आणि ज्याचें वय ६२ वा अधिक असून ज्याला कर्ज फेडण्याची ऐपत नाहीं, त्याला घरांतील धोके दूर करण्यासाठीं परत न करावयाचें अनुदान मिळतें. पुढें १४ जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनीं वृद्ध अमेरिकनांच्या कायद्यावर सही केली, आणि १९७३ च्या दुरुस्तीनें देशाच्या निरनिराळ्या भागांत वृद्धांसाठीं स्थानिक संस्था नेमण्यांत आल्या.

त्याच १९७३ सालीं टेक्सास संस्थानांतील मिडलंड गांवांत शेजाऱ्यांनीं एक साधाच उपक्रम आरंभिला. एप्रिल महिन्यांतील एक दिवस नेमून, ज्यांच्यानें स्वतःच्या घराची दुरुस्ती होत नाहीं अशा शेजाऱ्यांच्या घरीं सर्वांनीं हत्यारें घेऊन जावें, असें ठरलें. ह्या उपक्रमास 'ख्रिसमस इन एप्रिल' असें नांव पडलें; १९८८ सालीं त्याची राष्ट्रव्यापी संस्था झाली आणि आज ती 'रीबिल्डिंग टुगेदर' ह्या नांवानें ओळखली जाते.

एवढें सर्व असूनही एक अडचण राहिलीच. योजना पुष्कळ, कचेऱ्या पुष्कळ. परंतु ऐशी वर्षांच्या विधवेनें पहिलें पत्र कोणाला लिहावें? कर्ज एका खात्याकडे, कठडा दुसऱ्याकडे, स्वयंसेवक तिसऱ्याकडे, अशी विभागणी असल्यामुळें शोधतां शोधतांच माणूस थकून जाई. म्हणून १९९१ सालीं 'एल्डरकेअर लोकेटर' नांवाची एक सार्वजनिक सेवा सुरू झाली. तिचें काम पैसा देणें नव्हे, भिंत बांधणें नव्हे. विचारणाऱ्याच्या गांवांत कोणती मदत कोठें मिळेल एवढें सांगणें हेंच तिचें काम. मदतीचा ठावठिकाणा सांगणें हीसुद्धां एक स्वतंत्र सेवा आहे, हें येथें प्रथमच स्पष्टपणें मान्य झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

अलीकडच्या काळांत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स परिचर्या विद्यालयांत सारा झांटन ह्या विदुषीनें 'केपेबल' नांवाची एक पद्धति सिद्ध केली. तींत तिघेजण वृद्धाच्या घरीं जातात: एक परिचारिका, एक व्यवसायोपचार-तज्ज्ञ आणि एक घरकाम करणारा कारागीर. ते प्रथम घर तपासत नाहींत. प्रथम विचारतात, कीं बाबा, तुम्हांला पुनः काय करतां यावें असें वाटतें? कोणी म्हणतो स्वतः अंघोळ करावी, कोणी म्हणतो जिना उतरून चर्चला जावें. मग त्या एका इच्छेच्या आड येणारी पायरी, बसकें आसन वा हलणारा कठडा कारागीर ठीक करून देतो. सुमारें पांच महिन्यांत हें काम पुरें होतें. ३०० वृद्धांवर केलेल्या ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले; रोजच्या व्यवहारांतील त्यांच्या अडचणी स्पष्टपणें कमी झाल्याचें त्यांत दिसून आलें.

जपानचा कायदा

ह्या विषयांत सर्वांत नेटकी व्यवस्था जपाननें लाविली असें आम्हांस वाटतें. तेथील जुनें घर आपल्या घराची आठवण करून देतें. दारांतून आंत आल्यावर जोडे काढण्याची खोलगट जागा, तेथून उंच पायरी चढून मुख्य भाग, लांकडी जिना, उकिडवें बसण्याचा शौचकूप. वसईकडील ओटी-पडवीच्या जुन्या घरांत राहिलेल्यांस ह्यांतील अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

एप्रिल २००० मध्यें जपानांत दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू झाला. ज्या वृद्धास शुश्रूषेची गरज आहे असें ठरतें त्याच्या घरांतील फेरफारांसाठीं २,००,००० येनपर्यंतच्या खर्चास ह्या विम्याचा आधार मिळतो; आरंभीं त्यांतील दहावा हिस्सा स्वतः भरावा लागे, पुढें अधिक उत्पन्न असलेल्यांचा वांटा वाढविला गेला. कोणतीं कामें चालतील तेंही नेमून दिलेलें आहे: कठडे बसविणें, उंचसखलपणा काढून टाकणें, फरशी न घसरणारी करणें, उघडझाप करण्याच्या दाराऐवजीं सरकतें दार लावणें, आणि उकिडवें बसण्याच्या शौचकुपाऐवजीं खुर्चीसारखा बसविणें. ह्या यादींत चैनीची एकही वस्तु नाहीं.

परंतु ह्या कायद्याचें खरें बळ पैशापेक्षां एका कागदांत आहे. काम आरंभण्यापूर्वीं शुश्रूषेची आंखणी करणारा अधिकारी, म्हणजे केअर मॅनेजर, घरीं येऊन हा फेरफार कां हवा ह्याचें लेखी कारण देतो. त्यामुळें म्हाताऱ्या माणसाला कचेऱ्या धुंडाळाव्या लागत नाहींत. आणि एखाद्या लबाड कंत्राटदारास नको तें काम गळ्यांत बांधणेंही अवघड जातें. पॅरिसमध्यें १८३३ सालीं जें काम भगिनी रोझाली व तिचे विद्यार्थी करीत, त्यालाच येथें कायद्यानें जागा करून दिली आहे.

आपल्या देशांत

आतां आपल्या घराकडे वळूं. पूर्वीं आपल्याकडे ह्या प्रश्नास निराळें उत्तर होतें. पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्याचें काम आलें कीं शेजारपाजारचीं माणसें एकमेकांच्या घरीं जात. आज तुझें, उद्यां माझें. म्हाताऱ्यांच्या वांट्याचें काम घरांतील तरुण करीत. पुढें मुलें शहरांत गेलीं, मग आखातांत गेलीं, कांहीं सातासमुद्रांपलीकडे स्थायिक झालीं. पैसा येऊं लागला, पण शिडीवर चढणारा हात गेला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारें १०.३८ कोटि होती; म्हणजे हा प्रश्न कांहीं थोड्या घरांपुरता राहिलेला नाहीं.

मुंबईंत अडचण आणखी गुंतागुंतीची झाली. गिरगांवांतील खोताची वाडी, माझगांवांतील माथारपाखाडी, अशा आपल्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन बंधूंच्या जुन्या वस्त्यांतील लांकडी घरें व त्यांचे जिने प्रसिद्ध आहेत. त्याच शहरांत भाड्याच्या हजारों चाळी होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकऱ्यास संरक्षण मिळालें. परंतु गोठलेल्या भाड्यांत दुरुस्ती परवडत नाहीं असें म्हणून मालकांनीं हात आंखडता घेतला आणि इमारती मोडकळीस आल्या. म्हणून १९६९ सालीं इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या निधींतून दुरुस्ती करण्यासाठीं मंडळ नेमलें गेलें, आणि पुढें तें काम 'म्हाडा'कडे आलें. ह्यामुळें तुळया व जिने ह्यांस टेका मिळाला. तथापि तिसऱ्या मजल्यावरील एकट्या वृद्धेच्या मोरींतील कठडा हा काहीं इमारतीच्या दुरुस्तींत मोडत नाहीं.

कायदे व योजना आपल्याकडेही झाल्या. १९९९ सालीं वृद्धांविषयींचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यांत निर्वाह ह्या शब्दांत अन्नवस्त्राबरोबर निवासाचाही समावेश केला आहे, ही गोष्ट मुलांनीं व आईबापांनींही ध्यानांत ठेवावी. २०१७ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेंत गरीब वृद्धांस काठी, चालण्याचा आधार, चांकांची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र इत्यादि साधनें देण्याची सोय झाली. आणि महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री वयोश्री योजनेखालीं ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांस अशा साधनांसाठीं एकदांच ३,००० रुपये देण्याचें ठरविलें. २०२१ सालीं १४५६७ ह्या क्रमांकाची दूरध्वनि-सेवा देशभर खुली झाली. तेथें सकाळीं ८ ते रात्रीं ८ पर्यंत कोणत्याही वृद्धास विनामूल्य माहिती व मार्गदर्शन मिळतें.

ह्या सर्वांचें स्वागतच करावयास हवें. परंतु विचारी वाचकाच्या लक्षांत येईल, कीं ह्या योजनांतून माणसाच्या हातांत काठी येते. ज्या उंबरठ्याला ती काठी अडते तो उंबरठा मात्र जागच्या जागीं राहतो. चांकांची खुर्ची दारापर्यंत येते, आणि दार अरुंद असतें. ही उणीव गांवानें व शेजारानेंच भरून काढावयाची आहे.

आतां काय करावें

इतिहास वाचून जर एकही कठडा बसला नाहीं तर तो वाचण्याचा उपयोग काय? म्हणून चार व्यावहारिक गोष्टी नमूद करितों.

घर तपासण्यास आरंभ करावा तो रात्रींच्या वाटेपासून. बिछान्यापासून शौचकुपापर्यंत जी वाट जाते तिच्यावर दिवा हवा, आणि त्याचें बटण निजल्या जागीं हातास लागावें. वाटेंत घसरणारी चटई, तारेचा गुंडाळा वा सामानाचा ढीग नसावा. न्हाणींत व शौचकुपाशेजारीं धरावयास दांडा हवा. तो पक्क्या विटेंत रोवलेला असावा, नुसत्या गिलाव्यांत नव्हे. पंचा वाळत घालण्याच्या दांडीवर भार देऊन उठण्याची संवय अत्यंत घातक होय. जिन्याचा कठडा ज्यानें वापरावयाचा त्याच्या मनगटाच्या उंचीचा असावा आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढें गेलेला असावा. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारा रंग द्यावा. उंबरठा काढतां येत नसेल तर त्याला दोहोंकडून उतार करावा. कौलें, पन्हळी व वांसे मे महिना संपण्यापूर्वीं पाहावे. आणि म्हाताऱ्या माणसानें स्वतः शिडीवर चढूं नये. ह्या उपायांचें फळ मोजलेलें आहे: २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या समीक्षेंत, घरांतील असे धोके दूर केल्यानें पडण्याचें प्रमाण शेंकडा २६ नें, आणि ज्यांना पडण्याचा धोका अधिक त्यांच्यांत शेंकडा ३८ नें कमी झाल्याचें आढळून आलें.

दुसरी गोष्ट पैशाच्या व्यवहाराची. वृद्धास एकट्यानें गांठून 'छप्पर आजच पडेल' असें भय घालणारे लोक सर्व देशांत आहेत. म्हणून दोघां कारागिरांकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, सर्व रक्कम आगाऊ देऊं नये, आणि व्यवहाराच्या वेळीं घरचें वा ओळखीचें एक माणूस जवळ असावें. घर भाड्याचें असेल तर मालकाची, आणि गृहसंस्थेंत असेल तर तिची, परवानगी आधींच लेखी मागावी.

तिसरी गोष्ट मागणीची. आमच्या वडील माणसांस मागण्याची लाज वाटते. त्याहून अधिक त्यांस भय वाटतें, कीं अडचण सांगितली तर 'आतां येथें एकट्यानें राहूं नका' असेंच उत्तर मिळेल. म्हणून भेटीस जाणाऱ्यानें त्यांना हलविण्याची भाषा प्रथमच काढूं नये. बाबा, पुनः काय करावयास आवडेल, हा बाल्टिमोरचा प्रश्न आपल्या आळींतही तितकाच उपयोगी पडेल.

चौथी व मुख्य गोष्ट म्हणजे ही वाट दाखविणारा माणूस नेमणें. प्रत्येक आळींत दोघांनीं पावसाळ्यापूर्वीं एक व नाताळापूर्वीं एक अशी फेरी घालावी. एका वहींत घर, अडचण, सुचविलेलें काम, खर्च, तें कोणीं केलें आणि केव्हां पुरें झालें, एवढे रकाने असावेत. आपल्यांतच सुतार आहेत, गवंडी आहेत, नळकाम व विजेचें काम जाणणारे आहेत. ज्याला हत्यार धरतां येत नाहीं त्यानें अर्ज लिहावा, ग्रामपंचायतींत वा महापालिकेच्या कचेरींत सोबत जावें, १४५६७ वर विचारून द्यावें. मदत कोणत्याही शेजाऱ्यास असावी. पडणाऱ्याचा धर्म फरशी विचारीत नाहीं.

ज्युबिली हा शब्द योबेल ह्या हिब्रू शब्दावरून आला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे, कीं पन्नासावें वर्ष आलें म्हणजे शिंग फुंकावें, आणि ज्याची वतनवाडी गेली असेल त्यानें आपल्या वतनास व आपल्या कुळास परत यावें. मूळ ज्युबिली ही अशी घरीं परतण्याची होती. आपल्या वृद्धांना कोठून परत आणावयाचें नाहीं. ते अद्याप आपापल्या घरांतच आहेत. त्यांना तेथून निघावें लागूं नये एवढ्यासाठीं एक वही, दोन माणसें आणि थोडे कठडे लागतील. पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेंत मंदिराच्या डागडुजीच्या नोंदीशेजारीं ह्याही वहीच्या नोंदी छापल्या जावोत.